प्रसन्नतेचे परिपत्रक निघत नाही

प्रति,
मा. आयुक्त,
वसई-विरार शहर महानगरपालिका, विरार.

विषय : लोकांशी रोज गाठ पडणाऱ्या कर्मचाऱ्यांची उमेद.



रस्ते, पाणी, गटारे आणि बेकायदा बांधकामे यांवरची पत्रे आपल्याकडे ढिगाने येत असतील. या पत्राचा विषय जरा वेगळा आहे. प्रभाग कार्यालयांच्या खिडक्यांवर, घंटागाडीवर, परिवहनच्या बसमध्ये, दवाखान्याच्या केसपेपर काउंटरवर आणि पाण्याच्या व्हॉल्व्हवर जी माणसे दिवसभर लोकांना तोंड देतात, त्यांच्या मनाविषयी मला लिहायचे आहे. आयुक्त, उपायुक्त, मुख्यालय हे सगळे आम्ही वर्तमानपत्रात वाचतो. प्रत्यक्षात आम्हाला महापालिका भेटते ती या माणसांच्या रूपात. घरपट्टीवरचे नाव बदलायला गेलेल्या माणसाला खिडकीवर जी वागणूक मिळते, तेच त्याचे महापालिकेबद्दलचे मत.

मी नालासोपाऱ्यात राहते. नोकरी सगळी मुंबईत झाली, बँकेच्या काउंटरवर. त्यामुळे ‘सकारात्मक दृष्टिकोन’ या विषयावरची शिबिरे मी भरपूर ऐकली आहेत. वातानुकूलित हॉल, पडद्यावर उगवता सूर्य, माइक हातात घेऊन फिरणारे व्याख्याते, मध्ये समोसा आणि चहा, शेवटी अभिप्रायाचा फॉर्म. दुसऱ्या दिवशी काउंटर तोच, रांग तीच आणि कर्मचारीही तसेच. व्याख्याते खोटे बोलत नसत. वृत्ती चांगली असेल तर कामात आनंद मिळतो, हे त्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटत होते आणि आज तर जास्तच पटते. पण ही वृत्ती येते कुठून, या प्रश्नापाशी शिबिर संपायचे. ती माणसाने घरून डब्यातून आणावी, असेच सगळे गृहीत धरून चालत. माझा अनुभव निराळा आहे, आणि तो आपल्या उपयोगी पडेल असे वाटते म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी या शहराबद्दल दोन शब्द. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावे एकत्र करून ही महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते आपण जाणताच. ही माणसे पोट भरायला काय करतात? मुंबईच्या इस्पितळांतल्या परिचारिका आणि वॉर्डबॉय, बँकांतले कारकून, बेस्टचे वाहक, मॉलमधले विक्रेते, इमारतींचे सुरक्षारक्षक, पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुली, घरपोच जेवण पोहोचवणारी पोरे. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ ला धावली. तेव्हापासून या पट्ट्यातला भाजीपाला, फुले, दूध आणि माणसे मुंबईची सेवा करायला निघतात आणि रात्री परत येतात. दुसऱ्याचे काम करून देणे हाच इथल्या घराघरांतला धंदा आहे.

म्हणूनच आपल्या कार्यालयाच्या रांगेत उभा असलेला माणूस खिडकीची दुसरी बाजूही ओळखून असतो. शनिवारी अर्धी रजा टाकून दाखल्यासाठी आलेली बाई आठवडाभर स्वतः कुठल्या तरी काउंटरमागे उभी असते. काम टाळणारा कोण आणि खरोखर अडलेला कोण, हे तिला पहिल्या वाक्यातच कळते. कोरड्या हास्याने ती फसत नाही.

आता आमच्या शाखेतल्या दोन खिडक्यांची गोष्ट सांगते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनरांची रांग पायऱ्यांपर्यंत जायची. एका खिडकीवर जे कॅशियर बसत, त्यांना हसताना आम्ही क्वचितच पाहिले असेल. आवाज चढा, बोलणे तुटक. पण त्यांच्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला एक वाचायचा चष्मा लोंबत असे. जो घरी चष्मा विसरला, त्याने तो लावावा आणि स्लिप भरावी. स्लिप चुकली तर ते ती परत फेकत नसत. चुकलेल्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारून कागद पुढे सरकवत आणि म्हणत, “इथं सही. बाकी बरोबर आहे.” एखाद्या आजोबांचा हात थरथरत असला की मागच्या माणसाकडे बघून भुवया उंचावत. मागचा माणूस गप्प उभा राही.

शेजारच्या खिडकीवरचे गृहस्थ बोलायला गोड. “या काका, कसे आहात?” पण स्लिपमध्ये खाडाखोड दिसली की तितक्याच गोडपणे, “नवीन भरून आणा.” काका रांगेच्या शेपटाला जायचे आणि अर्ध्या तासाने परत यायचे, तेव्हा स्लिपबरोबर रागही घेऊन यायचे. बरीच माणसे या गृहस्थांना दिवसातून दोनदा भेटत, आणि दुसऱ्यांदा भेटत ती चिडून. पगार दोघांचा सारखा, गर्दी सारखी, पंखाही एकच. संध्याकाळी हे गोड गृहस्थ पिळून निघालेले असत. “लोक फार वाईट झालेत” हे त्यांचे रोजचे पालुपद. आमचे तुटक कॅशियर मात्र कॅश जुळली की पिशवी उचलून तडक स्टेशन गाठत आणि विरार फास्टमधल्या भजनी मंडळात टाळ हाती घेत. दादर ते विरार उभ्याने.

दोघांपैकी सकारात्मक कोण, हा प्रश्न शिबिरात विचारला असता तर सगळ्यांनी दुसऱ्या गृहस्थांकडे बोट दाखवले असते. आनंदात होते पहिले. समोरच्याचे काम आज, इथे, माझ्या हातून संपावे, एवढीच त्यांची वृत्ती. एका माणसाचे काम एकदाच केले की तो पुन्हा भांडायला येत नाही, म्हणून दिवस हलका जातो. दिवस हलका गेला की पुढच्या माणसाला मदत करायला जोर उरतो. ही साखळी एकदा सुरू झाली की ती चालवायला वरून कुणी प्रेरणा द्यावी लागत नाही. ती तुटते फेऱ्या वाढल्या की.

चेहऱ्यावरच्या हसण्याचे काय होते, यावर आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली एक पुस्तकच लिहिले. विमानातल्या हवाईसुंदरींचा त्यांनी अभ्यास केला. पगारासाठी सतत हसावे लागणारी माणसे हळूहळू स्वतःच्या खऱ्या भावनांनाच पारखी होतात, आपल्याला नेमके काय वाटते हेच त्यांना उमगेनासे होते, असे त्यांना आढळले. त्यासाठी विमानात बसायला नको. कपड्यांच्या मोठ्या दुकानात सकाळपासून उभी असलेली मुलगी प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच वाक्य त्याच सुरात म्हणते. रात्री विरार लोकलच्या महिला डब्यात तिचा चेहरा बघा. हसून हसून ती थकलेली असते. त्याच डब्यात तिच्या बाजूला मांडीवर पेपर पसरून मेथी निवडणाऱ्या बायकांचा घोळका असतो. दसऱ्याला याच बायका डब्याला तोरण बांधतात. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष लोकल सुटली आणि पुढे ती विरारपर्यंत आली. तिच्यातले हसणे-खिदळणे मी वर्षानुवर्षे ऐकले आहे. त्याचा पगार कुणी देत नव्हते, म्हणून ते खरे होते.

तेव्हा आपल्याकडून एखादे ‘हसतमुख सेवा’ परिपत्रक निघण्याची शक्यता असेल, तर कृपया ते थांबवावे.

आमच्या भागातल्या व्हॉल्व्हमनचे काम मी गेली काही वर्षे जवळून बघते आहे. पाणी सूर्या प्रकल्पाच्या धामणी धरणातून येते, थोडे उसगाव आणि पेल्हारमधून. वाटेत जलवाहिनी फुटणे, वीज जाणे, दुरुस्ती या सगळ्यांतून ते आमच्या रस्त्याला लागते, तेही अनेक भागांत दिवसाआड. शेवटी रस्त्यातले लोखंडी झाकण उचलून, आतला गाळ हाताने बाजूला करून, ती लांब चावी बसवून फिरवणारा माणूस हा एकटा. चावी फिरवली की तो क्षणभर वाकून कान देतो. पाइपात पाणी धावल्याचा आवाज आला की मोटरसायकलला किक. पाणी कमी आले तर शिव्या खायच्या त्यानेच. “टँकरवाल्यांना सामील आहेस” हे तर तोंडावर ऐकायचे.

काही वर्षांपूर्वी याने आपल्या पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट केला. त्यावर त्याचे निरोप असे असतात : “लाइन फुटली आहे. आज ४ ऐवजी ८ ला. तोपर्यंत मोटर लावू नका.” शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, पण निरोप वेळेवर. शिव्या थांबल्या. आता झाकण उघडताना कुणी तरी टॉर्च धरते, कुणी चहा आणते. मी एकदा विचारले, हे कुणी सांगितले तुम्हाला करायला? म्हणाला, “कोण सांगणार? पाणी काय मी बनवत नाय. पण कधी येणार ते तर सांगू शकतो ना.”

या एका वाक्यात मला सगळे शिबिर सापडले. आपल्या हातात काय नाही, हे त्याला पक्के ठाऊक आहे आणि त्याबद्दल तो खोटा दिलासा देत नाही. जेवढे हातात आहे, तेवढे मात्र तो पुरेपूर करतो. त्याचा आनंद त्यातून येतो. पण एक गोष्ट आपल्या नजरेस आणायची आहे. रिचार्ज तो स्वतःच्या पैशाने करतो. वरची बातमी त्याला ओळखीपाळखीने फोन करून काढावी लागते. त्याची उमेद त्याची स्वतःची आहे. तिला व्यवस्थेचा हात लागलेला नाही. तो उद्या दुसऱ्या भागात गेला की गट बंद पडेल.

लोकांच्या उपयोगी पडलो हे डोळ्यांना दिसले की थकवा पळतो, याचा अनुभव या शहराने घेतला आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात बुडाले. नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, मिठागरात माणसे अडकली, वीज गेली. त्यानंतर गुडघाभर पाण्यातून फिरणारे महावितरणचे वायरमन मी पाहिले. रात्रीचे जागरण, अंगावर ओले कपडे. आमच्या गल्लीत दिवे लागले तेव्हा सगळ्या खिडक्यांतून एकदम “आली, आली!” असा ओरडा झाला. खांबाखाली उभे असलेले ते दोघे वर बघून हसले आणि पुढच्या गल्लीत गेले. त्या हसण्याला कुणी प्रशिक्षण दिले नव्हते.

हाच धागा अ‍ॅडम ग्रँट या संशोधकाने मिशिगन विद्यापीठात पकडला. तिथे फोनवरून माजी विद्यार्थ्यांकडे देणग्या मागणारे कर्मचारी होते. नकार ऐकत दिवस काढायचे, अत्यंत कंटाळवाणे काम. त्यातल्या काहींची, या देणग्यांमधून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी थोडा वेळ भेट घडवून आणली गेली. त्याने एवढेच सांगितले की तुमच्यामुळे माझे शिक्षण झाले. महिनाभराने मोजले तेव्हा या कर्मचाऱ्यांचा फोनवरचा वेळ आणि जमा होणारी रक्कम, दोन्ही दुपटीहून अधिक झाली होती. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पगार वाढला नव्हता, व्याख्यान झाले नव्हते. आपल्या कामाचे टोक कुठे पोहोचते, ते फक्त दिसले होते.

आपल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवरचा कर्मचारी दाखला देतो आणि माणूस निघून जातो. त्या दाखल्यावर मुलीचा शाळाप्रवेश झाला, विधवेला विम्याची रक्कम मिळाली, हे त्याला कधीच कळत नाही. त्याच्यापर्यंत परत येते ती फक्त तक्रार. चांगले काम निघून जाते आणि बिघडलेले काम परत येते, अशी जिथे रचना आहे, तिथे “लोक फार वाईट झालेत” हे पालुपद तयार होणारच.

आता दुसरी बाजू. सकारात्मक वृत्तीचा उपदेश वरून खाली येतो तेव्हा तो ऐकणाऱ्याला बोचू शकतो, आणि त्यात त्याची चूक नसते. सफाईचे बरेचसे काम ठेक्यावर चालते. ठेकेदाराकडून पगार वेळेवर मिळाला नाही, हातमोजे फाटले, गमबूट मापाचा नाही, झाडू मारणाऱ्या बाईला पहाटेपासून दुपारपर्यंत लघवीला जायला जागा नाही, अशा स्थितीत तिला ‘आनंदी राहा’ म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ. गाडगेबाबांना (१८७६–१९५६) आपण स्वच्छतेचे संत म्हणतो. त्यांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. गावात शिरल्यावर आधी खराटा, आणि कीर्तन संध्याकाळी. दिवसभर झाडले म्हणून रात्री त्यांना बोलण्याचा अधिकार होता. प्रशासनाने उपदेश करायचा तर आधी खराट्याचे काम करावे : पगाराची तारीख, पिण्याचे पाणी, कपडे बदलायला आडोसा, स्वच्छतागृह. यातले काहीही ‘वृत्ती’ या खात्यात ढकलता येणार नाही.

आणि आम्ही नागरिक? खिडकीवर पहिले वाक्य आम्ही कसे टाकतो? “ओ, कधीपासून उभा आहे मी!” घंटागाडीवरच्या माणसाला ‘ए कचरा’ अशी हाक ऐकली आहे मी, ज्याने कचरा केला तो शेठ आणि जो उचलतो तो कचरा. ओला-सुका वेगळा न करता पिशवी गच्च बांधून त्याच्या अंगावर भिरकावणारी माणसे सुशिक्षित इमारतींत राहतात. सेवा देणाऱ्याच्या मनाची अर्धी मशागत समोरच्याच्या जिभेवर असते. ती जबाबदारी आम्ही घ्यायची आहे, तिथे महापालिकेला दोष देऊन चालणार नाही.

कायद्याचा मुद्दाही सांगते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, न दिल्यास अपील करता येते आणि संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्याने सामान्य माणसाला मोठा आधार दिला. पण मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्रुटी काढून अर्ज परत केला, तर कागदावर मुदत पाळली जाते आणि माणसाची फेरी वाढते. दंडाच्या भीतीने कर्मचारी स्वतःला वाचवायला शिकतो. समोरच्याचे काम संपवायला तो शिकेल, यासाठी निराळे काही करावे लागेल. माझ्या सूचना अशा :

एक. प्रत्येक खिडकीवर एकच आकडा मोजावा : आलेल्या माणसांपैकी किती जणांना त्याच कामासाठी दुसऱ्यांदा यावे लागले. किती अर्ज निकाली निघाले हा आकडा फुगवता येतो. दुसरी फेरी लपत नाही.

दोन. किरकोळ त्रुटी असेल तर अर्ज परत न करता तिथल्या तिथे दुरुस्त करून घेण्याची लेखी मुभा खिडकीवरच्या माणसाला द्यावी. ‘साहेबांना विचारून सांगतो’ हे वाक्य आळसापेक्षा भीतीतून जास्त येते. आणि लागणाऱ्या कागदांची यादी खिडकीवर चिकटवू नये, रांगेच्या शेपटाला लावावी. खिडकीपर्यंत पोहोचल्यावर यादी वाचून काय उपयोग?

तीन. पाणी किती वाजता येणार, ही बातमी सर्वांत आधी व्हॉल्व्हमनला कळावी, आणि ती लोकांना सांगण्याचा त्याला अधिकार असावा. बस रद्द झाली तर वाहकाला, डॉक्टर रजेवर असतील तर केसपेपरवाल्या ताईंना आधी कळावे. ज्याला शिव्या खायच्या आहेत, त्याला निदान कारण तरी ठाऊक हवे.

चार. तक्रार जशी सेवापुस्तकापर्यंत पोहोचते, तसे कौतुकही पोहोचावे. नागरिकाने दोन ओळी लिहून दिल्या तर त्या साहेबांच्या फायलीत न ठेवता त्या कर्मचाऱ्याला वाचून दाखवाव्यात. ठेक्यावरच्या माणसालाही हे लागू असावे. उलट त्याला आधी.

पाच. शिबिर घ्यायचेच असेल तर बाहेरचा व्याख्याता नको. आपल्याच नऊ प्रभागांमध्ये चष्मा बांधून ठेवणारी माणसे असतील. त्यांना शोधावे आणि नव्या मुलांना आठवडाभर त्यांच्या शेजारी बसवावे. समोशाचा खर्चही वाचेल.

यातल्या कशालाही निविदा लागत नाही. एकाच प्रभाग कार्यालयात तीन महिने करून पाहावे. सुरुवातीचा आकडा घ्यावा, शेवटचा घ्यावा आणि दोन्ही दारावर लावावेत. दुसरी फेरी मारणाऱ्यांची संख्या घटली, तर खिडकीमागच्या माणसाला पूर्वीइतके दमायला झाले का, हेही त्यालाच विचारावे; सहीशिवाय उत्तर घ्यावे, म्हणजे खरे येईल. आणि आकडा तसाच राहिला, तर एका निवृत्त बाईचा तर्क चुकला असे समजून हे पत्र खुशाल दप्तरी दाखल करावे. उत्तराची वाट पाहते.

आपली,
नालासोपारा येथील एक निवृत्त बँक कर्मचारी
(आणि नियमित घरपट्टी भरणारी नागरिक)